फणसाची रदबदली

द्वारकाबाई कोयता घेऊन परसातल्या फणसाखाली उभ्या राहिल्या, तशी आरामखुर्चीतल्या भिकाआबांची पंचाईत झाली. न फळणाऱ्या झाडाला घरातल्या एकाने तोडायचा धाक घालायचा आणि दुसऱ्याने त्याची रदबदली करायची, ही गावची रीत. रदबदली कायम आबांकडे. पण यंदा "म्हातारा झालाय, तोडून पलंग करू," असं तेच बोलून बसले होते, आणि तेव्हापासून बायकोने अबोला धरला होता.

"फळ द्यायचं नाव नाही! घालू का घाव?" बाईंनी झाडालाच दरडावलं.

आबांना वैशाखातले रसाळ गरे आठवले, आषाढात चुलीत भाजलेल्या आठळ्या आठवल्या. आत्ता माघातही टकलावर सावली होती ती याचीच.

कोयता वर गेला आणि बराच वेळ वरच राहिला. बाईंना कसलीच घाई दिसत नव्हती.

"अगं, राहू दे!" आबा शेवटी ओरडले. "जुनं झाड आहे, जरा रुसलंय. पुढच्या वर्षी नक्की धरेल. मी जामीन राहतो."

"आणि पलंग?"

"झोपेन की जमिनीवर!"

बाईंनी कोयता ठेवला आणि हाताला धरून आबांना खोडाच्या पलीकडे नेलं. तिथे बुंध्याला फणसाच्या कोवळ्या, अंगठ्याएवढ्या कुयऱ्या लगडल्या होत्या.

"झाड केव्हाच वठणीवर आलंय," त्या म्हणाल्या. "राहिला होतात ते तुम्ही."