कपाटातले हातमोजे

लाईनमननी वापरले की मळतात, म्हणून साहेब नवेकोरे रबरी हातमोजे तपासणीपुरते कपाटात कुलूपबंद ठेवायचे. रशीदाचा नवरा बंदेनवाज अकलूज रस्त्याच्या विजेच्या खांबावर उघड्या हातांनी चढला, तो जिवंत उतरलाच नाही. त्याच्या जागी ती नोकरीला लागली, तेव्हा साहेबांनीच कपाटाची किल्ली तिच्याकडे दिली.

आज तपासणीचे अधिकारी आले. साहेबांनी ऐटीत कपाट उघडायला लावलं. आत एकच जोड होता.

"बाकीचे कुठे गेले?" साहेब दातओठ खात पुटपुटले.

"खांबावर हाईत. ज्यानं त्यानं सही करून नेले," रशीदा अधिकाऱ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "ह्यो बंदेनवाजचा. त्यो न्यायला आला न्हाय. का आला न्हाय, ते तुमीच सांगा की ह्यास्नी."