मुळांची रेघ

"अक्षरं बारीक आहेत, पण ही हलती रेघ छान जमलीय," विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक सबनीस सर पोस्टरकडे वाकून म्हणाले.

उर्मिलाने पोस्टरवर बसवलेल्या छोट्या पडद्याकडे बोट दाखवलं. ती रेघ सजावटीची नव्हती. वसतिगृहामागच्या डोंगरावरच्या झाडांच्या मुळांना तिने ताण मोजून पडद्याला कळवणाऱ्या तारा जोडल्या होत्या. मुळांवर ताण आला की रेघ चढायची. वर्षभर ती जेमतेम थरथरली होती, आणि आता धोक्याच्या लाल पट्ट्यात घुसली होती.

"सर, हे आत्ता घडतंय. डोंगर खचतोय!"

"घाबरू नकोस बाळ, निष्कर्ष सांग."

सगळ्या मुली इथे प्रदर्शनात होत्या. वसतिगृहात तापाने फणफणलेली नंदा तेवढी एकटी होती. उर्मिलाने तिला फोन लावला.

"नंदे, आहेस तशी बाहेर पळ! काही विचारू नकोस!"

आधी शिव्या ऐकू आल्या, मग धावणारी अनवाणी पावलं.

"फाटकाबाहेर आले गं. काय झालंय?"

तेवढ्यात रेघ एकदम सपाट झाली. मुळं तुटली होती.

"थांबू नकोस, पळ!" उर्मिला किंचाळली. हॉलच्या खिडक्या खडखडल्या. फोनवर नुसती घरघर उरली. बऱ्याच वेळाने त्या घरघरीतून नंदाचा खोकला ऐकू आला, तेव्हा कुठे उर्मिला मटकन खाली बसली.