मुळ्याची साक्ष

रक्त कधीच खोटं बोलत नाही, असं तोफांच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट नीलकंठ पोतनीस मानत. लढाई सुरू झाल्यापासून ते हे जरा मोठ्यानं मानू लागले होते.

सकाळी एका लेथचा पट्टा कुणीतरी सुरीनं कापलेला सापडला. पट्ट्यावर रक्त होतं; कापणाऱ्याला सुरी लागली असावी. झडतीत त्याच लेथवरचा कामगार दिवाकर याच्या गमछ्यावर तपकिरी डाग निघाला. पोतनिसांनी डागाच्या एका टोकावर रक्त ओळखायच्या बेंझिडीनचा थेंब सोडला, वर पेरॉक्साइडचा. ते टोक निळंभोर झालं.

"रक्त," ते म्हणाले, आणि अहवालावर सही ठोकली.

पहाऱ्यावरच्या सुभेदार तिवारींनी दिवाकरचा दंड धरला. "चलो भैया, ओमती पुलिस थाने."

"पोतनीस साहेब, मुळा खाल्ला न् तेलकट हात पुसले मी!" दिवाकर रडकुंडीला आला. "दोन पोरी आहेत घरी. काहून फासावर चढवून राहिले?" त्यानं डबा उघडून उरलेला मुळा टेबलावर आपटला. "टाका, यावर टाका तुमचं औषध!"

त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून पोतनिसांनी टाकलं. मुळा डागापेक्षाही लवकर निळा झाला.

"मतलब," तिवारी सावकाश म्हणाले, "मूली भी मिली हुई है."

पोतनिसांना कॉलेजातल्या पुस्तकाचं एक पान आत्ता आठवलं. मुळ्यातल्या एन्झाइमच्या पोटातही रक्तातल्यासारखाच हीम नावाचा लोखंडवाला गाभा बसलेला असतो. म्हणून दोघंही निळं करतात. पण चांगली वाफ दिली की एन्झाइमची घडी विस्कटते, त्याचं काम थांबतं. रक्ताला वाफेचं काही वाटत नाही.

"तिवारीजी, गमछा उकळत्या पाण्यावर धरावा लागेल."

"सबूत धोओगे?"

"धुणार नाही हो. वाफवणार."

चहाची किटली आली. तिच्या तोंडावर दहा मिनिटं गमछा धरला, दहा मिनिटं पट्ट्याचा तुकडा. पुन्हा थेंब पडले, गमछ्यावर डागाच्या दुसऱ्या, कोऱ्या टोकाला. पट्टा निळा झाला. गमछा ढिम्म तपकिरी.

पोतनिसांनी नोकरीत पहिल्यांदाच स्वतःची सही खोडली. मान वर केली नाही.

"जाऊ मी?" दिवाकरनं विचारलं.

"जा बाबा."

चौकशीतला वेळ कामात धरता येत नव्हता. दिवाकरची अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली.