रोज दुपारचा फोन

"हेमलता मॅडम आहेत का? आमच्या रिसॉर्टच्या मेंबरशिपबद्दल बोलायचं होतं."

"देवळात गेल्यात. उद्या करा," मी म्हणालो.

मॉलमधल्या सोडतीच्या चिठ्ठीवर हिने माझा नंबर लिहिला होता. तेव्हापासून रिसॉर्टवाल्यांची ती मुलगी रोज दुपारी फोन करायची.

आज लेकीने ऐकलं आणि फोन माझ्या हातातून घेतला. "आई गेली त्याला वर्ष होईल. परत फोन करू नका." नंबर ब्लॉक करून ती म्हणाली, "बाबा, आता नाही कुणी छळणार."

मी मान हलवली. अख्ख्या संसारात मी हिला नावाने हाक मारली नव्हती, नुसतं 'अगं' म्हणायचो. हिचं नाव तेवढी ती मुलगीच घेत होती.

लेक तिच्या घरी गेल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. नाव घ्यायचं ठरवलं होतं. तोंडातून 'अगं' एवढंच आलं.