मेणाचा सम्राट

लॅपटॉपवरच्या चित्रात एक पलंग, दोन वैद्य आणि एक मेणाचा माणूस होता.

"हा कोण गं?" आईने विचारलं.

"रोमन सम्राट. तो मेल्यावर त्याचा मेणाचा पुतळा सात दिवस पलंगावर ठेवायचे. वैद्य रोज तपासून सांगायचे, तब्येत खालावतेय. सातव्या दिवशी सांगायचे, गेला. मग अंत्यसंस्कार."

"आणि लोक फसायचे?"

"छे! पुतळा आहे हे सगळ्यांना दिसायचंच की."

विमानं बंद झाल्याने आई माझ्याकडे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला अडकली होती. तिकडे पुण्यात बाबा कोविडने रविवारीच गेले, हे मी तिला सांगितलं नव्हतं. त्यांच्या ऑक्सिजनचा आकडा मात्र मी रोज सांगत होते.

आईने लॅपटॉप हळूच मिटला.

"आज ह्यांचा ऑक्सिजन किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"आणि उद्या?"

"चौऱ्याहत्तर."