समुद्राखालची खुर्ची

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. एका चित्रकाराची एवढीशी गोष्ट सांगतो. त्याच्या समुद्राच्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणाले, "लाटांना काय उठाव आहे हो! एवढी प्रेरणा येते तरी कुठून?" "आतून," चित्रकार म्हणाला, आणि त्याने नजर दुसरीकडे वळवली. कारण नवा कॅनव्हास आणायचा कंटाळा म्हणून त्याने माळ्यावरचं ताईचं जुनं चित्र खाली काढलं होतं आणि त्यावर पांढरा रंग फासून समुद्र रंगवला होता. उठाव होता तो ताईच्या जाड रंगाचा. आणि नेमकी ताईच गर्दीतून पुढे आली. चष्मा सावरत तिने लाटेवरून कौतुकाने बोट फिरवलं. ते मध्येच थांबलं.

"अरे, ही तर आपल्या आईची खुर्ची," ती हळूच म्हणाली.

"ताई, चुकलो गं. आत्ता माइकवर जाऊन सगळ्यांना सांगतो."

"गप रे वेड्या! बक्षिसाच्या दिवशी असं तोंड पाडून कुणी उभं राहतं का? पुढच्या वेळी फक्त मागत जा. माझ्याकडे अजून एक कॅनव्हास आहे, कोरा. तुझं शिक्षण आटोपलं की रंगवीन म्हणून ठेवला होता. तोही घेऊन जा."

मायबापहो, देवाचं नाव घ्याल तेव्हा त्या ताईची तेवढी आठवण ठेवा.