एक्केचाळीस नंबरचा फुगा

"मग रुग्णाला सांगायचं की नाही?" डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं.

पडद्यावर एक्केचाळीस नंबरच्या मेंदूतलं रक्त लाल-निळं वाहत होतं. स्कॅनवरून एकेका रुग्णाच्या रक्तवाहिन्या संगणकात उभ्या करायच्या आणि त्यांतून रक्त सोडून बघायचं, हे तिचं काम. अख्खं हॉस्पिटल तिला 'नळवाली' म्हणायचं. फायली रुग्णांची नावं काढून, नुसत्या नंबरावर यायच्या, तिलाही ते बरं वाटायचं.

एका वळणावर वाटाण्याएवढा फुगा आला होता. तिने रक्तदाब वाढवला. फुग्याची भिंत लालभडक झाली.

"माणूस चिडला, घाबरला, की फुटलाच समजा," ती म्हणाली. "ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत फक्त घरच्यांना सांगा. त्याला खूश ठेवा म्हणावं."

बाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

त्याच आठवड्यात तिला वाटू लागलं, घरात कुठेतरी पाणी मुरतंय. नवरा कधी नव्हे तो भांडी घासू लागला. बावीस वर्षं प्रत्येक गोष्टीत फाटे फोडणारा माणूस आता "तुझंच बरोबर" म्हणून मोकळा व्हायचा. फोन आला की गॅलरीत पळायचा.

"कोणाचा होता?"

"ऑफिसचा. चहा टाकू तुला?"

तो आंघोळीला गेल्यावर तिने फोन पाहिला. डॉक्टरीणबाईंचा नंबर, दिवसातून तीनदा. दोघांची भेट एकदाच झालेली. नवीन स्कॅन मशीन आलं त्या दिवशी चाचणीसाठी सगळा स्टाफ पाळीपाळीने त्यात झोपला होता आणि हा तिला न्यायला आला होता. दहा मिनिटं काय ती ओळख. तेवढ्यात जमलं? या वयात? तिला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

गुरुवारी दुपारी बाईंच्या खोलीच्या काचेतून तिला दोघं दिसली. तो डोळे पुसत होता, बाईंचा हात त्याच्या खांद्यावर होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने दार ढकललं.

"कधीपासून चाललंय हे?"

तो उठला. चेहरा पांढराफटक. "हळू," तो म्हणाला, "आधी बस. सावकाश श्वास घे."

"मला शिकवू नकोस."

टेबलावर तिनेच छापून दिलेला एक्केचाळीस नंबरचा लाल-निळा कागद पडला होता. बाईंनी तिच्यासाठी खुर्ची पुढे केली.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "फक्त घरच्यांना सांगा, असं तुम्हीच म्हणाला होतात."